आवक टपालाची गाळणी : ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील कार्यालयीन पत्रव्यवहाराचा एक धागा

ठाणे जिल्ह्यात जिल्हाधिकारी कचेरीपासून तहसील कार्यालयांपर्यंत आणि नगरपालिकांपासून सहकारी बँकांच्या मुख्य कचेऱ्यांपर्यंत, बाहेरून आलेला कागद संबंधित टेबलावर जाण्यापूर्वी आवक शाखेत नोंदवण्याची रीत संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. या शाखेला महसूल खात्यात बारनिशी म्हणतात. तेथील लिपिक कागदावर तारखेचा शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो, हातोहात आलेल्या अर्जाची पोच देतो आणि कागद कोणत्या कार्यासनाकडे जायचा ते ठरवतो. बिनमहत्त्वाचा, निनावी किंवा चुकून आलेला कागदही या नोंदीतून सुटत नाही; त्यावर काही करायचे नसेल तर तो ‘दप्तरी दाखल’ होतो, म्हणजे कारवाई न करता पण नोंदीसह ठेवला जातो. कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि टेबलावरील सहा गठ्ठ्यांची पद्धत याच शिस्तीतून आलेली असून, ‘अ’ वर्गाचा कागद कायम तर ‘ड’ वर्गाचा जेमतेम वर्षभर ठेवायचा असला, तरी तो नष्ट करण्यालाही नियम असतो. संस्थेच्या ई-मेलवर बसवल्या जाणाऱ्या स्पॅम फिल्टरचा, म्हणजे नको असलेली पत्रे आपोआप वेगळी काढणाऱ्या गाळणीचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहिला, तर फिल्टर किती पत्रे अडवतो यापेक्षा अडवलेल्या पत्राची नोंद कोठे राहते आणि ते चुकून अडवले गेले असल्यास कोणाला कळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कागदी टपालाच्या काळात ही गाळणी बरीचशी टपाल खात्याच्या दरानेच केलेली असे. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, तेव्हापासून पत्र पाठवणे स्वस्त झाले, तरी ते फुकट कधीच नव्हते, आणि तो खर्च पाठवणाऱ्यावर पडत होता. अमुक इतक्या जणांना हाच मजकूर लिहून पाठवा, नाहीतर देवाचा कोप होईल, असे बजावणारी साखळीपत्रे १९८० च्या दशकातही घरोघरी येत असत. पण ती पाठवणाऱ्या भाविकाला प्रत्येक कार्डामागे पंधरा पैसे आणि हाताने लिहिण्याचे कष्ट मोजावे लागत असल्यामुळे त्यांची संख्या आपोआप मर्यादेत राही. ई-मेलने हे गणित उलटे केले. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या तत्कालीन संशोधन-जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदमच पाठवली, तेव्हा हजारावे पत्र पाठवायला पहिल्याइतकाही खर्च येत नाही हे प्रथम दिसून आले; खर्च पडू लागला तो घेणाऱ्यावर.

घेणाऱ्याचा हा खर्च कल्याण-डोंबिवलीत ठाण्यापेक्षाही अधिक जाणवण्यासारखा होता, आणि त्याचे कारण दूरध्वनीच्या हद्दीत होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई क्षेत्रात आणि ०२२ या संकेतांकाखाली होते. कल्याण आणि डोंबिवली मात्र दूरसंचार खात्याच्या, म्हणजे पुढे २००० साली स्थापन झालेल्या भारत संचार निगमच्या कल्याण विभागात, ०२५१ या वेगळ्या संकेतांकाखाली होती. त्यामुळे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराला इंटरनेटशी जोडून घेण्यासाठी लोकलने तासाभरात गाठता येणाऱ्या मुंबईचा क्रमांक फिरवणे म्हणजे हद्दीबाहेर केलेला फोन होता. मुंबईच्या खात्यांचे ई-मेल पत्ते ‘जीआयएएसबीएम०१’ यासारख्या बोजड नावांनी ओळखले जात, ज्यातली पहिली चार अक्षरे विदेश संचार निगमच्या ‘गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस’ या सेवेची होती. फोन लावून, मोडेमचा खरखराट संपल्यावर, पेटीतील सगळी पत्रे एकामागून एक उतरवून घ्यायची आणि फोन ठेवायचा, अशी ही पद्धत असल्यामुळे मध्येच आलेले एखादे निरर्थक, मोठ्या चित्राचे पत्र उतरेपर्यंत मीटर चालूच राही. लहान कार्यालयांत बहुधा सगळ्या कचेरीला मिळून एकच खाते असे आणि ते हाताळणारा संगणकचालक कामाची पत्रे छापून संबंधितांकडे देत असे. पहिला स्पॅम फिल्टर हाच माणूस होता, फक्त त्याने काय पुसून टाकले याची कोठे नोंद नव्हती.

यंत्राने केलेली पहिली गाळणी पत्राचा मजकूर वाचत नव्हती, ती फक्त पत्र कोठून आले ते पाहत होती. त्या काळी अनेक मेल सर्व्हर, म्हणजे पत्रे घेणारे व पुढे पाठवणारे संगणक, कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचवून देत. या सौजन्याचा फायदा जाहिरातदारांनी घेतल्यावर अशा सर्व्हरची काळी यादी करण्याची कल्पना अमेरिकेत पॉल व्हिक्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास अमलात आणली, आणि १९९८ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्डने स्थापन केलेली स्पॅमहाउस ही संस्था तिचे सर्वांत प्रभावी रूप ठरली. एखाद्या कार्यालयाने आपला सर्व्हर या यादीला जोडला की यादीतील पत्त्यांवरून आलेले पत्र दारातच थांबवले जाई. ही सोय झटपट होती, पण तिच्यात मोहल्ल्यातील एका घराच्या अपराधाबद्दल सगळ्या आळीला दंड व्हावा तसा प्रकार घडे, कारण यादीत नाव जाई ते एका माणसाचे नव्हे तर एका आयपी पत्त्याचे किंवा पत्त्यांच्या पूर्ण पट्ट्याचे. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला दिलेला क्रमांक.

याचा फटका ठाणे-कल्याण पट्ट्यातील कार्यालयांना बसण्याची शक्यता जानेवारी २००५ नंतर वाढली, जेव्हा महानगर टेलिफोन निगम आणि भारत संचार निगम या दोघांनीही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. घरगुती जोडण्यांना दिला जाणारा आयपी पत्ता बदलता असतो. आज एका घराकडे असलेला क्रमांक उद्या दुसऱ्याकडे जातो, आणि त्यातल्या एखाद्या संगणकात व्हायरस शिरून तो मालकाच्या नकळत हजारो पत्रे पाठवू लागला की तो क्रमांक बदनाम होतो. सोफॉस या सुरक्षा कंपनीने २०१२ च्या पहिल्या तिमाहीत जगातील स्पॅमपैकी ९.३ टक्के भारतातील संगणकांवरून निघत असल्याचे सांगून भारताला यादीत पहिले स्थान दिले. त्यामागे भारतीयांची जाहिरातबाजी नव्हती, तर संरक्षण नसलेल्या नव्या संगणकांची झपाट्याने वाढलेली संख्या होती. साध्या ब्रॉडबँडवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवू पाहणाऱ्या लहान कारखान्याचे कोटेशन परदेशी गिऱ्हाइकापर्यंत पोचत नसे, आणि पोचले नाही हेही पुष्कळदा कळत नसे. स्थिर आयपी पत्ता विकत घेणे किंवा मेलची व्यवस्था मोठ्या कंपनीकडे सोपवणे, हे दोनच मार्ग उरल्यामुळे पुढच्या दशकात बहुतेक कार्यालयांचे टपाल गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो यांसारख्यांच्या हाती गेले.

मजकूर वाचून न्याय करणारी गाळणी दरम्यान तयार झाली होती. २००१ मध्ये जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रामरने प्रसिद्ध केलेला स्पॅमअसॅसिन हा मुक्त प्रोग्राम अनेक कसोट्या लावून प्रत्येक पत्राला गुण देतो आणि एकूण गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, मुळात ही मर्यादा ५ असते, की पत्राला स्पॅम ठरवतो. विषय सगळा मोठ्या अक्षरांत असेल तर काही गुण, पाठवणारा काळ्या यादीत असेल तर आणखी, ओळखीचा असेल तर वजा, असा हा हिशेब चालतो. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेली आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या निबंधामुळे गाजलेली बेझियन पद्धत याहून पुढे गेली. अठराव्या शतकातील थॉमस बेझ या गणितज्ञाच्या संभाव्यतेच्या सूत्रावर आधारलेली ही पद्धत, त्या कार्यालयाची चांगली आणि वाईट अशी दोन्ही पत्रे वाचून, कोणता शब्द कोणत्या गटात किती वेळा येतो यावरून नव्या पत्राचा अंदाज बांधते. या पद्धतीचे मर्म असे की एका कार्यालयाचा निकष दुसऱ्याला चालत नाही. नागरी सहकारी बँकेच्या पत्रव्यवहारात कर्ज, व्याज, खाते, तातडीने हे शब्द रोजचेच असतात, आणि परक्या देशात बनवलेल्या सर्वसाधारण फिल्टरला नेमके हेच शब्द फसवणुकीचे वाटतात. डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत रंग, रसायने आणि औषधांचा कच्चा माल तयार होतो. तेथील खरेदी-विक्रीच्या पत्रांत औषधांची नावे असणारच, आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत औषधांच्या नावांनी भरलेले पत्र हा स्पॅमचा ठळक नमुना मानला जात होता. अशा कारखान्यात फिल्टर बसवणाऱ्याने मूळ मर्यादा तशीच ठेवली तर धंदाच अडतो, आणि ती सैल केली तर पेटी कचऱ्याने भरते. म्हणून आपली पत्रे दाखवून फिल्टरला शिकवणे, हेच खरे काम होते, आणि तेच सर्वांत कंटाळवाणे असल्यामुळे बहुधा टाळले जाई.

मराठी मजकुराने आणखी एक गुंता आणला. युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांना सामाईक संकेत देणारी पद्धत, कार्यालयांत रुळण्यापूर्वी मराठी पत्रे श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकली जात. या फॉन्टांत देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला आणि अर्थातच फिल्टरलाही हे पत्र म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रास दिसते. मजकूर ओळखू येऊ नये म्हणून स्पॅमवाले मुद्दाम करीत तशीच. यातून सुटण्यासाठी सही-शिक्क्याचे पत्र स्कॅन करून चित्ररूपाने जोडण्याची पद्धत पडली आणि ती सरकारी-निमसरकारी कार्यालयांत आजही टिकून आहे. परंतु २००६ च्या सुमारास स्पॅमवाल्यांनीही जाहिरातीचा मजकूर चित्रात घालून पाठवायला सुरुवात केल्यामुळे, मुख्य भागात एकही ओळ नसलेले आणि फक्त चित्र जोडलेले पत्र संशयास्पद ठरू लागले. ‘सोबत पहावे’ एवढेच लिहून परिपत्रक जोडणारा लिपिक आणि बनावट औषधे विकणारा टोळीवाला यंत्राच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहिले. स्पॅमअसॅसिनमध्ये चालणाऱ्या भाषांची यादी देण्याची सोय आहे आणि तिच्यात मराठीसाठीही स्वतंत्र संकेत आहे. मात्र ही सोय वेगळी चालू करावी लागते, आणि चालू करताना यादीत फक्त इंग्रजी ठेवली तर मराठी पत्रालाच वाढीव गुण मिळण्याची पाळी येते.

सार्वजनिक संस्थेत या चुकीची किंमत वेगळी असते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, जिची स्थापना १ ऑक्टोबर १९८३ रोजी झाली, संगणकीकृत नागरी सुविधा केंद्र सुरू करणाऱ्या राज्यातील पहिल्या काही महापालिकांपैकी होती, आणि २००० नंतरच्या दशकात तिचे ई-प्रशासनाचे प्रारूप राज्यातील इतर नगरपालिका-महानगरपालिकांपुढे नमुना म्हणून ठेवले गेले. त्या केंद्राच्या खिडकीवर अर्ज दिला की संगणकातून क्रमांक असलेली पोचपावती मिळते, म्हणजे बारनिशीची शिस्त यंत्रात उतरली. ई-मेलला मात्र अशी पोच आपोआप मिळत नाही. तुंबलेल्या गटाराची तक्रार फिल्टरने अडवली तर तक्रारदाराला वाटते की महापालिका दखल घेत नाही, आणि अधिकाऱ्याला वाटते की तक्रारच आलेली नाही. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून नागरिकांसाठी जाहीर केलेल्या पत्त्यावर मर्यादा सैल ठेवून कचरा सोसावा आणि लेखा विभागाच्या पत्त्यावर ती कडक ठेवावी, असा भेद करणे शहाणपणाचे असते. संपूर्ण संस्थेला एकच मर्यादा लावणे सोपे असते, एवढाच त्याचा गुण.

अडवलेल्या पत्राचे काय करायचे, या ठिकाणी फिल्टरच्या मांडणीतील सर्वांत जुना आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला निर्णय येतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपी या टपाल-नियमावलीनुसार दोन सर्व्हर एकमेकांशी तीन आकडी संकेतांत बोलतात. घेणाऱ्याने २५० म्हटले की पत्र स्वीकारले आणि पुढची जबाबदारी आपली, असा त्याचा अर्थ. ५५० म्हटले की पत्र नाकारले, आणि ही बातमी पाठवणाऱ्याकडे परत जाते. २००३ मध्ये एव्हन हॅरिसने सुचवलेल्या ग्रेलिस्टिंग या युक्तीत अनोळखी सर्व्हरला ४५१ सांगितले जाते, म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, घाईतला स्पॅमवाला येत नाही. सरकारी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या माणसाला ही युक्ती नवी वाटू नये. दारातच ५५० म्हणणे हा प्रामाणिक मार्ग, कारण चुकून अडलेल्या माणसाला निदान अडल्याचे कळते आणि तो फोन तरी करतो. पत्र स्वीकारून नंतर परत पाठवणे मात्र घातक, कारण स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि नकाराचे पत्र भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडते. तिसरा मार्ग म्हणजे २५० म्हणून पत्र घ्यायचे आणि कोणालाही न सांगता पुसून टाकायचे. यात तक्रार येत नाही, म्हणून तो व्यवस्थापकांना प्रिय असतो. पण नियमावलीने स्वीकारलेली जबाबदारी येथे केराच्या टोपलीत जाते. चौथा मार्ग क्वारंटाइनचा, म्हणजे पत्र ठरावीक दिवस अलग ठेवण्याचा, आणि त्याची यादी रोज किंवा आठवड्याने ज्याच्या नावे पत्र आले त्याला पाठवण्याचा. दप्तरी दाखल करण्याच्या जुन्या रीतीला जवळ जाणारा मार्ग हाच. फक्त ती यादी कोणी तरी वाचली पाहिजे, आणि तीच वाचली जात नाही.

या सगळ्यात कायद्याने फार थोडी मदत केली. अमेरिकेने २००३ मध्ये नको असलेल्या व्यापारी ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा केला. भारतात फोन आणि एसएमएससाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ पासून नियम केले, ई-मेलसाठी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या ६६अ या कलमाचा तिसरा भाग, त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल दिशाभूल करण्यासाठी धाडलेल्या ई-मेलला गुन्हा ठरवणारा, हीच काय ती जवळची तरतूद होती. परंतु हे कलम गाजले ते वेगळ्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून दोन तरुणींना पालघर येथे अटक झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या अटकेनंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ६६अ हे पूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले. कलमाची शब्दरचना इतकी ढोबळ होती की ते जाणे योग्यच होते, मात्र त्याबरोबर खोट्या नावाने पाठवलेल्या ई-मेलविषयीचा तो भागही गेला, आणि त्याची जागा घेणारी नेमकी तरतूद कोणी आणली नाही.

म्हणून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम तंत्रज्ञांवर पडले. त्यासाठीच्या तीन पद्धती एकामागून एक आल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसपीएफमध्ये संस्था आपल्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरील नावाच्या, सार्वजनिक नोंदीत लिहून ठेवते की आमच्या नावाने अमुक सर्व्हरच पत्र पाठवू शकतो. २००७ च्या डीकेआयएममध्ये प्रत्येक पत्रावर न दिसणारी गणिती सही असते. आणि २०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कमध्ये या दोन्ही कसोट्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे ते नावाचा मालकच सांगतो: काही करू नका, अलग ठेवा किंवा नाकारा.

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात या पद्धती सक्तीच्या झाल्या त्या सहकारी बँकांच्या मार्गाने. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. मध्यमवर्गीय नोकरदारांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या या बँकांच्या जोडीला जिल्ह्यात अनेक लहान नागरी बँका आणि पतसंस्था आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर करून अगदी खालच्या स्तरावरील बँकेलाही सांगितले की ई-मेलसाठी बँकेचे स्वतःचे डोमेन हवे, आणि त्यावर फसवी व घातक पत्रे रोखण्याची व्यवस्था आणि डीमार्क लागू हवे. शाखेचा पत्ता रेडिफमेल किंवा जीमेलवर उघडून वर्षानुवर्षे काम भागवण्याची सवय यामुळे मोडणे भाग पडले. डीमार्कचा तिसरा, म्हणजे नाकारण्याचा पर्याय एकदम लावला तर बँकेच्याच नावाने पगारपत्रके, नोटिसा किंवा वार्षिक सभेची आमंत्रणे पाठवणारा एखादा विसरलेला सर्व्हर अडकतो. म्हणून आधी काही महिने पहिल्या पर्यायावर राहून रोज येणारे अहवाल पाहायचे, आपल्या नावाने कोण कोण पत्रे पाठवते त्याची यादी करायची आणि मगच कडक व्हायचे, असा क्रम ठेवावा लागतो.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना आपल्या सर्व संगणक-व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. मेल सर्व्हरने कोणते पत्र केव्हा, कोणत्या कारणाने नाकारले हे त्यामुळे निदान सहा महिने मागे जाऊन सांगता येऊ लागले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही ओळखपद्धती आणि एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय सक्तीची केली.

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावावर जाण्यास सांगितले, आणि त्या नावांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे दिली. नाव बदलले की ग्राहक, लेखापरीक्षक, विमा कंपन्या आणि शेजारच्या बँका यांच्या फिल्टरमधील विश्वासू पाठवणाऱ्यांच्या याद्या जुन्या होतात, आणि नव्या नावाला पूर्वीचा लौकिक नसल्यामुळे पहिली काही पत्रे संशयात जाणे संभवते. जुने नाव सोडून देणे तर त्याहून धोक्याचे, कारण त्याची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊन त्याच्या आधारे ठेवीदारांना पत्रे पाठवू शकतो. म्हणून ज्यावरून आता एकही पत्र पाठवायचे नाही अशा नावाचे शुल्क दरवर्षी भरत राहणे आणि त्याच्या डीमार्क नोंदीत ‘नाकारा’ हा पर्याय कायम ठेवणे, हे काम बँकेच्या संगणक विभागाच्या यादीत नव्याने आले आहे.